गोरी पाहिजे, गाता नाही आलं तरी चालेल

मागच्या गॅदरिंगला पहिल्या तीन रांगांत बसून ज्यांनी शिट्ट्या मारल्या त्यांना आठवत असेल, आम्ही 'सिंड्रेला' बसवलं होतं. मराठीत, सहा गाण्यांसकट. संवाद मेकॅनिकलच्या दोघांनी लिहिले, चाली मी आणि माझ्या रूम पार्टनरनं हार्मोनियमवर बसवल्या, आणि भोपळ्याची गाडी वर्कशॉपच्या भंगारातून वेल्डिंग करून उभी केली. गाडी झकास झाली होती. बाकीचं जे झालं त्याबद्दल हा लेख आहे.

नायिकेसाठी चार मुली आल्या. त्यातली एक आमच्या वडवणी तालुक्यातल्या एका वाडीची. मीही वडवणीचाच, त्यामुळं ती आत आल्यावर मला जरा गावाकडचं माणूस भेटल्यासारखं झालं. तिनं पेटीची वाट न बघता गायला सुरुवात केली. काळी चारच्या पट्टीत, सरळ, कुठं आवाज चोरला नाही. गाणं संपल्यावर माझा पार्टनर एवढंच म्हणाला, "संपला विषय."

पण विषय संपला नव्हता. ती बाहेर गेल्यावर कमिटी बसली. आम्ही सातजण होतो, त्यात दोन मुली. कुणी वाईट माणूस नव्हतं. कुणीतरी हळूच म्हणालं, "आवाज मस्तय, पण सिंड्रेला म्हणून... म्हणजे स्टेजवर लाईट पडल्यावर..." वाक्य तसंच अर्धवट सोडून दिलं. आपल्याकडं असली वाक्यं कुणी पूर्ण करत नाही, समोरच्यानं समजून घ्यायची असतात. मग दुसऱ्यानं तोडगा काढला. दुसऱ्या एका गोऱ्या मुलीनं स्टेजवर उभं राहायचं, ओठ हलवायचे, आणि हिनं विंगेत माइक घेऊन गायचं. "पिक्चरमध्ये नाही का, लता गायची आणि हिरॉइन वेगळी." तोडगा सगळ्यांना आवडला. हात वर केले त्यात मी पण होतो. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लिहायला बसलोय ते त्यासाठीच.

आता यातली गंमत बघा. आमचा राजपुत्र चांगला काळासावळा होता. त्याच्या रंगाबद्दल चकार शब्द निघाला नाही. उलट "रुबाबदार दिसतो" असं ठरलं. मी स्वतः तर कोळशाच्या खाणीजवळचा. मला पेटीवर स्टेजच्या पुढं, उजेडात बसवलं होतं.

गॅदरिंगच्या दिवशी तिसऱ्या गाण्यात लाईट गेली. (इलेक्ट्रिकलवाल्यांनी कृपया मनाला लावून घेऊ नये. जनरेटर त्यांच्याकडं होता एवढंच सांगतो.) माइक बंद, ट्रॅक बंद, सगळं बंद. पण विंगेतली बाई थांबलीच नाही. माइक गेला हे तिच्या लक्षात आलं की नाही कुणास ठाऊक, तिनं नुसत्या गळ्यावर गाणं ओढून नेलं. सभागृह एकदम गप्प. लोकांनी मोबाईलचे टॉर्च लावले. सिंड्रेला उजव्या कोपऱ्यात ओठ हलवत उभी आणि आवाज येतोय डाव्या विंगेतून! तेव्हा मागून कोणतरी ओरडलं, "ए, सिंड्रेला तिकडंय!" आणि सगळे टॉर्च विंगेकडं फिरले. लोक हसले, मग टाळ्या पडल्या. बऱ्याच पडल्या.

लाईट आली, नाटक पुढं गेलं, बक्षीस मिळालं. आम्ही भोपळ्याच्या गाडीसोबत फोटो काढले. विंगेतली मुलगी फोटोत नव्हती. तिला बोलवायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

हे सगळं मी विसरलो असतो. सबमिशन आलं, ओरल आल्या, माणूस स्वतःचं नाव विसरतो तिथं गॅदरिंगचं काय. पण परीक्षेनंतर एका ज्युनिअरच्या लॅपटॉपवर 'सिंड्रेला' नावाची एक फाईल दिसली. मला वाटलं डिस्नेचं १९५० सालचं कार्टून असणार, पिवळे केस, निळसर झगा, उंदीर वगैरे. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात तीच सिंड्रेला बसलेली आहे, आमच्या कमिटीच्याही होती. फाईल उघडली तर निघालं भलतंच.

तो होता टीव्हीसाठी बनवलेला संगीत चित्रपट. अमेरिकेत २ नोव्हेंबर १९९७ ला एबीसी वाहिनीवर दाखवलेला, दीड तासाच्या आतबाहेरचा. त्यात सिंड्रेला झालीय ब्रँडी नावाची कृष्णवर्णीय गायिका. केसांचे बारीक बारीक पेड घातलेले, ते तसेच ठेवून ती राजवाड्यात नाचायला जाते. तिला नटवणारी परी म्हणजे व्हिटनी ह्यूस्टन. राणी व्हूपी गोल्डबर्ग, तीही कृष्णवर्णीय. राजा व्हिक्टर गार्बर गोरा. आणि या दोघांचा मुलगा, म्हणजे राजपुत्र, फिलिपिनो वंशाचा पाओलो मोंतालबान! सावत्र आई बर्नाडेट पीटर्स गोरी, तिच्या दोन मुलींपैकी एक गोरी, एक काळी. आमच्या रूममध्ये पहिली दहा मिनिटं गणित चाललं होतं, "अरे पण आई काळी, बाप गोरा, मग पोरगा असा कसा?" जेनेटिक्सवर चर्चा झाली. पुढं गाणी सुरू झाली आणि गणित आपोआप बंद पडलं. कारण पडद्यावर ते गणित कुणीच करत नाही. एक पात्रसुद्धा रंगाबद्दल बोलत नाही. कुणी समजावून सांगत नाही, भाषण देत नाही, "बघा आम्ही किती सुधारलो" असं मिरवत नाही. जो गातो, जो नाचतो, त्याची भूमिका. बस.

मग मी जरा खोलात गेलो. ही गाणी 'साउंड ऑफ म्युझिक'वाल्या जोडीची, म्हणजे रिचर्ड रॉजर्स आणि ऑस्कर हॅमरस्टाईन यांची. त्यांनी हे संगीतक खास टीव्हीसाठी लिहिलं होतं आणि ३१ मार्च १९५७ ला सीबीएसवरून ते थेट प्रक्षेपित झालं. थेट म्हणजे थेट, रिटेक नाही. सिंड्रेला होती ज्युली अँड्र्यूज. त्या रात्री दहा कोटींहून जास्त लोकांनी ते पाहिलं असं मानतात. प्रक्षेपण रंगीत झालं, पण आज शिल्लक आहे ते कृष्णधवल, कारण टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून केलेली नोंद तेवढी उरली. (आपले काही मित्र थिएटरात मोबाईल धरून जे करतात तेच, फक्त अधिकृत.) १९६५ मध्ये लेस्ली अ‍ॅन वॉरनला घेऊन पुन्हा केलं. तोपर्यंत सिंड्रेला गोरीच.

व्हिटनी ह्यूस्टनला १९९३ च्या सुमारास स्वतःच सिंड्रेला व्हायचं होतं. काम लांबत गेलं, वर्षं गेली. शेवटी ती म्हणाली, आता माझं वय राहिलं नाही, मी परी होते, आणि मुख्य भूमिका तिनं आपल्यापेक्षा लहान ब्रँडीकडं दिली. निर्मात्यांमध्येही ती होतीच. मला या चित्रपटातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते. जी जागा स्वतःला हवी होती ती दुसरीला देऊन वर तिच्यासाठी गाणं म्हणायचं. तो कार्यक्रम सुमारे सहा कोटी लोकांनी पाहिला. 'पब्लिक'ला चालत नाही म्हणणाऱ्यांसाठी हा आकडा मुद्दाम दिला.

चित्रपट फार थोर आहे असं माझं म्हणणं नाही. सेट मिठाईच्या दुकानासारखे आहेत आणि राजपुत्र जरा मिळमिळीत. पण सुरुवातीला बाजारात एक प्रसंग आहे. वेष बदलून हिंडणारा राजपुत्र तिला भेटतो आणि मुलीला कसं वागवायचं यावर बोलणं निघतं. तो राजकन्येचं नाव काढतो, ती म्हणते नको, माणसासारखं वागवलं तरी पुरे. हे ऐकताना मला विंग आठवली. कालच्या प्रकाराचा आवाज आज कानात यावा तसं झालं.

मित्रांनो, 'सिंड्रेला' या नावातच राख आहे. फ्रेंच नाव सांद्रियाँ, जर्मन आशेनपुटेल, सगळ्यांचा अर्थ चुलीच्या राखेत बसणारी पोरगी. (आमच्या लेखकांपैकी एकानं नाव मराठी करायचं म्हणून 'राखुंडी' सुचवलं होतं. त्याला चहा पाजून शांत केलं.) १६९७ मध्ये शार्ल पेरोनं काचेचा बूट आणि भोपळा घातलेली गोष्ट छापली, पण त्याच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात, चीनमध्ये ये श्येन नावाच्या मुलीची अशीच गोष्ट लिहून ठेवलेली आहे. तिला मदत करतो एक मासा, आणि हरवतो सोनेरी बूट. मरियन कॉक्स नावाच्या बाईनं १८९३ मध्ये या गोष्टीची ३४५ रूपं जमवून पुस्तक काढलं. मग सोनेरी केसांचीच मुलगी खरी, हे आम्हाला कुणी सांगितलं?

आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचं? माझी आजी श्रावणी सोमवारी शिवामुठीची कहाणी सांगायची. राजाला चार सुना, तीन आवडत्या आणि एक नावडती. नावडतीनं उरलंसुरलं खायचं, गोठ्यात पडायचं, गुरं वळायची. रानात तिला नागकन्या, देवकन्या भेटतात आणि शिवाला मूठभर धान्य वाहायचा वसा देतात. घरचे एकदा तिचा देव बघायला मागोमाग रानात येतात, तर देऊळ रत्नांनी झगमगतंय. राजा आपलं पागोटं खुंटीवर ठेवून तळं बघायला जातो, परत येतो तर सगळं गायब. तिथं नुसतं लहान देऊळ, पिंडी, आणि खुंटीवर त्याचं पागोटं. पागोटं बघून राजाला पटतं की मघाचं स्वप्न नव्हतं.

आता ही आमची सिंड्रेला नाही तर काय? फरक एकच. तिकडं मुलीचा पाय बुटात बसतो का ते बघतात, आपल्या कहाणीत वस्तू राजाची राहते आणि डोळे त्याचे उघडतात. मला आपली पद्धत जास्त आवडली. आणि आजीनं नावडतीचा रंग कधी सांगितला नाही. मी विचारलाही नाही. ती गोठ्यात राहते म्हणल्यावर मी आपली आमच्या गल्लीतली कुणीतरी डोळ्यासमोर धरायचो.

आमच्या भागात राखेतल्या मुली शोधायला गोष्टीत जावं लागत नाही. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरं सोबत गेली तर फडावरच्या कोपीत राहतात, आणि त्यातली थोरली पोरगी असली की पहाटेची चूल, धाकटी भावंडं, पाणी, सगळं तिच्याकडं. जी गावात राहते ती म्हातारीजवळ राहते. विंगेत गाणारी आमची मुलगी लहानपणी चार हंगाम फडावर होती आणि पुढं आजीजवळ राहून शिकली. चुलीची राख तिच्या हाताला लागलेली आहे, खरीखुरी. आमच्या गोऱ्या सिंड्रेलाला पहिल्या प्रवेशात केर काढायचा होता, तर तिला खराटा कसा धरायचा ते शिकवावं लागलं. शिकवलं कुणी? विंगेतलीनं.

गोऱ्या मुलीवर माझा राग नाही, उलट तिचीही आम्ही फजितीच केली. नाटकानंतर ती मला म्हणाली, "मला गाता येत नाही हे मला माहितीये रे. मग मला कामून उभं केलं?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

काहीजण म्हणतील, नाटक म्हणजे दिसणंच असतं, भूमिकेला शोभलं पाहिजे. ठीक आहे, मग मराठी रंगभूमीचं काय करायचं? ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं. ती सुद्धा परीकथाच म्हणा की. जंगलातली मुलगी, राजा, विसर पडणं, आणि ओळख पटवणारी अंगठी, म्हणजे आपला बूट. ते सगळं गाण्यांत. आणि बायकांची कामं पुरुष करत होते. १९०५ मध्ये त्याच किर्लोस्कर मंडळीत नारायण राजहंस आले आणि शकुंतला झाले. पुढं १९११ च्या 'मानापमान'मध्ये भामिनी. बालगंधर्वांनी नेसलेल्या शालूसारखा शालू घ्यायचा म्हणून घरोघरच्या बायका हट्ट धरायच्या. म्हणजे चांगला धडधाकट पुरुष आपल्याला नायिका म्हणून चालला, कारण तो गायचा. 'अलबत्या गलबत्या'मधली रत्नाकर मतकरींची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली, पुढं २०१८ पासून वैभव मांगल्यांनी केली, पोरं किंचाळून दाद देतात. तेव्हा कुणी विचारत नाही की बाईचं काम बाप्यानं कसं केलं. पुरुष चालतो, चेटकीण म्हणून मिशीवाला चालतो, फक्त राजकन्या म्हणून गव्हाळ रंगाच्या पुढची मुलगी चालत नाही?

विठोबाला सावळा म्हणताना आपल्या डोळ्यांत पाणी येतं. द्रौपदीचं एक नाव कृष्णा, ते तिच्या रंगावरूनच, आणि तिच्या स्वयंवराला देशोदेशीचे राजे जमले होते. हे सगळं आपल्याला पाठ असतं. आणि त्याच घरात पोरीच्या बायोडाटावर 'सावळी' लिहायचं की 'निमगोरी' यावर चर्चा चालते. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'चं नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' झालं. आमच्या हॉस्टेलच्या पॅसेजमधल्या आरशासमोर ती ट्यूब अजून असते (मुलांच्या हॉस्टेलबद्दल बोलतोय!), नावानं काही कुणाचं अडलं नाही.

माझ्या पार्टनरचं म्हणणं वेगळं आहे. तो म्हणतो, "अमेरिकेत हे सगळं चालतं, तिथं व्हिटनी ह्यूस्टनसारखी माणसं पैसे घेऊन उभी राहतात. आपण इथं गॅदरिंग करतोय, आपल्या नाटकाला कुणी हसलं तर त्या पोरीलाच लागलं असतं. आपण तिला वाचवलं." मी यावर बराच विचार केला. कारण हात वर करताना माझ्याही मनात हेच होतं, आणि ते चांगुलपणाचं वाटत होतं. पण तिला विचारलं होतं का कुणी? हसण्याची जोखीम घ्यायची की नाही हे तिनं ठरवायचं होतं. आणि लोक हसलेही नाहीत. टॉर्च विंगेकडं फिरले तेव्हा जे हसले ते आमच्यावर हसले.

शेवटी मागच्या महिन्यात मी तिला लायब्ररीच्या पायऱ्यांवर गाठलं आणि सॉरी म्हणलं. ती म्हणाली, "तू कशाला, सगळेच होते." मग थोड्या वेळानं सांगितलं. गॅदरिंग जानेवारीत होतं, म्हणजे आई-वडील फडावर. निवड झाली त्या दिवशी तिनं आईला फोनवर सांगून टाकलं होतं की नाटकात मेन रोल मिळाला. (तेव्हा अजून कमिटी बसायची होती, पण 'संपला विषय' तिनं दाराबाहेर ऐकलं होतं.) आई म्हणाली, मुकादमाच्या मोबाईलवर व्हिडिओ पाठव, इथल्या सगळ्या बायांना दाखवते. "आता काय पाठवू? पडद्याचा फोटो?" हे ती हसत म्हणाली. मी हसू शकलो नाही.

तिला मी १९९७ चा तो सिनेमा पेन ड्राइव्हवर दिला. चार दिवसांनी परत आणून दिला. मी विचारलं, यंदा परत तेच नाटक करायचं ठरतंय, कमिटीत मी आहे, या वेळी सगळे हात मोजून ठेवीन, सिंड्रेला तू करशील का?

"नको रे," ती म्हणाली. "सिंड्रेला दीड तास नुसती सोसत बसते. ती सावत्र आई बघितली का? काय गाते, काय ठसक्यात चालते! तो रोल कुणाला दिला नसंल तर मला दे."

आणि जाता जाता वळून म्हणाली, "व्हिडिओ तेवढा नीट काढायला सांग. पुढच्या रांगेतून."